चौतीस ग्रेनचा नहपान

सकाळी ८.३०

आल्या आल्या वजनकाटा चालू करायचा आणि अर्धा तास त्याच्या वाटेला जायचं नाही. मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा स्थिरावायला तेवढा वेळ घेतोच. तोवर चहा होतो, कपाटाच्या किल्ल्यांची वहीत सही होते आणि खोलीतला पंखा बंद होतो. काट्याला काचेची पेटी आहे, पण तिची दारं लावली तरी पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो. त्यामुळे मे महिन्यातही आमच्या खोलीत पंखा नाही. नाशिकची हवा थंड म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बसावं.

नऊच्या सुमाराला काट्याच्या पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आणते. मग प्रमाणित वजन चिमट्याने उचलून ठेवते. आमच्याकडे वीस ग्रॅमचं आहे. २०.००० दिसलं की कामाला लागायचं.

काम असं की संग्रहाची नवी सूची छापायची आहे आणि जुन्या रजिस्टरमध्ये वजनं निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या काळात लिहिलेली आहेत. बहुतेक ग्रेनमध्ये, काही ग्रॅममध्ये, दोन-चार पानांवर तोळे-मासे. हे सगळं ग्रॅममध्ये आणायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, गुणाकाराचं काम, संगणकाला सांगितलं की झालं. गुणाकार संगणक करतोच. पण समोरचा आकडा नेमका कशाचा आहे, हे त्याला कळत नाही. माझा पगार तेवढ्यासाठी आहे.

९.१५

पहिला ट्रे पश्चिम क्षत्रपांतल्या क्षहरात घराण्याच्या नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा. १९०६ साली गोदावरी-दारणा संगमाजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातली नाणी पुढे देशभर आणि देशाबाहेर पांगली. त्यातलीच काही आमच्याकडे आली, असं जुन्या पाकिटांवर लिहिलेलं आहे.

नाणं बोटाच्या पेरापेक्षा मोठं नाही. एका बाजूला राजाचा उजवीकडे बघणारा चेहरा, भोवती ग्रीक लिपीतली अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठीत नहपानाचं नाव. आमच्या ट्रेमधल्या बऱ्याच नाण्यांवर मात्र चेहऱ्याच्या गालावरच तीन कमानींचा डोंगर उमटलाय. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाचा पाडाव केल्यावर त्याने ही नाणी गोळा करून आपल्या ठशांनी पुन्हा ठोकली. जोगलटेंभीच्या साठ्यातली ९,२७० नाणी अशी पुन्हा ठोकलेली होती.

वजन घेणाऱ्याच्या दृष्टीने यात गंमत आहे. नाणं वितळवलं नाही, नुसतं ठोकलं. म्हणजे चांदी तेवढीच राहिली. राजा बदलला, चिन्हं बदलली, वजनाचं माप मात्र हरलेल्या राजाचंच चालू राहिलं. आणि ते नहपानाचंही स्वतःचं नव्हतं. हिंदी-ग्रीक राजांचा चांदीचा द्रम्म साधारण २.४५ ग्रॅमचा असे. क्षत्रपांची नाणी त्याच मापावर बेतलेली. हातात येतात ती दोन ते सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतात.

एकेक नाणं काट्यावर जातं. दार लावायचं, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, मोठ्याने वाचायचं. आमची नवी सहायक लिहून घेते आणि तोच आकडा परत वाचून दाखवते. ही पद्धत तिला पहिल्या दिवशी पोरकट वाटली होती. आता तीच मला टोकते, ‘ताई, दार उघडं आहे.’

१०.३०

एका नाण्याला कडी आहे. कोणीतरी कधीतरी डाग देऊन बसवलेली, गळ्यात घालायला. रजिस्टरमध्ये ‘३९ ग्रे.’ लिहिलंय, म्हणजे अडीच ग्रॅमहून जरा जास्त. कागदावर पाहिलं तर सबंध ट्रेमधलं सगळ्यात वजनदार नहपान हेच! उद्या कोणी सरासरी काढली तर ही कडी सरासरीत जाऊन बसेल. मी वजन घेते, पुढे ‘कडीसह’ लिहिते आणि सरासरीच्या यादीतून नाणं बाहेर काढते. भोक पाडलेल्यांचंही तेच. त्यांचा धातू गेलेला असतो, पण किती, ते कोण सांगणार.

घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्यांचा मला खरा राग येतो. चिंच, लिंबू, नाहीतर सरळ आम्ल लावून नाणं उजळवायचं आणि मग विकायचं, हा उद्योग जुना आहे. तांब्याची भेसळ असलेल्या चांदीतून आधी तांबं निघून जातं. नाणं दिसतं छान आणि काट्यावर हलकं भरतं. असलं वजन ग्रॅममध्ये आणा नाहीतर कशात आणा, ते त्या राजाच्या टांकसाळीबद्दल काही सांगत नाही.

११.००

आता गुणाकार. एक ग्रेन म्हणजे ०.०६४७९८९१ ग्रॅम. हा आकडा अंदाजाचा नाही, ठरवून दिलेला आहे. १९५९ पासून इंग्रजी पौंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅमचा धरतात आणि पौंडात सात हजार ग्रेन असतात, एवढाच हिशेब. त्याआधीच्या पौंडात फरक होता, तो इतका बारीक की नाण्याच्या कामात दिसणारही नाही.

पाकिटावर ३३.४ ग्रेन. संगणक उत्तर देतो २.१६४२८३५९४. सहायकेने ते जसंच्या तसं तक्त्यात उतरवलेलं असतं. तिला विचारते, ज्याने तेव्हा वजन घेतलं, त्याचा काटा किती बारीक वाचत होता? एक दशांश ग्रेनपर्यंत. एक दशांश ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. मग मिलिग्रॅमच्या आतले हे सहा आकडे आले कुठून? गुणाकारातून आले, नाण्यातून नाही. २.१६ लिहायचं आणि थांबायचं. जिथे पाकिटावर नुसतंच ‘३३’ आहे, तिथे दुसरा दशांशही मी कंसात टाकते.

ही कंजुषी वाटेल, पण छापलेल्या सूचीतला आकडा पुढे पन्नास वर्षं लोक उचलत राहतात. रॅप्सनची १९०८ ची ब्रिटिश म्युझियमची सूची घ्या. आंध्र म्हणजे सातवाहन आणि पश्चिम क्षत्रप यांच्या नाण्यांवर आजही तिच्यावाचून पान हलत नाही. वजनं ग्रेनमध्ये. त्यांतल्या एखाद्या वजनाचा ग्रॅममधला उतारा कुठे पाच दशांशांसह दिसला की समजावं, नाणं कोणी पुन्हा काट्यावर घातलेलं नाही.

म्हणून आमच्या तक्त्यात जुनं वजन जसं लिहिलं होतं तसंच एका रकान्यात राहतं, एककासह, अगदी खाडाखोड असली तरी. त्याचं रूपांतर शेजारी. आज घेतलेलं वजन तिसऱ्या रकान्यात. रूपांतर आणि आजचं वजन जुळलं तर आनंद. जुळलं नाही तर आधी पाकीट बदललं का ते बघायचं.

११.४५

शिशाची नाणी निघाली. ही लाकडी कपाटात ठेवत नाहीत, लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. आमच्याकडे पूर्वी लाकडातच होती. आता प्लास्टिकच्या डब्यांत आहेत.

इथे ‘ग्रे.’ हे अक्षर खरा घोटाळा करतं. कोणी ग्रेनसाठी लिहिलंय, कोणी ग्रॅमसाठी. चांदीत गोंधळ होत नाही. चौतीस ‘ग्रे.’चं नहपानाचं नाणं ग्रॅममध्ये असूच शकत नाही, ते हातात धरलं तरी कळतं. शिशाचं तसं नाही. सातवाहनांनी शिसं भरपूर वापरलं आणि त्यांची शिशाची नाणी एक ग्रॅमपासून पुढे कितीही जड सापडतात. कोल्हापूरकडच्या कुर राजांची, धनुष्यबाणाची खूण असलेली नाणी तर चांगलीच वजनदार.

एका नोंदीत ‘१६ ग्रे.’ आहे आणि नाणं जागेवर नाही. बहुधा कधीतरी प्रदर्शनाला गेलं ते गेलंच. काट्यावर घालायला काही नाही. पण रजिस्टर लिहिणाऱ्याने व्यास आणि जाडी लिहून ठेवलीय, त्याचं भलं होवो. व्यास २५ मिलिमीटर, जाडी ३. घनफळ येतं सुमारे दीड घन सेंटिमीटर. शिशाची घनता ११.३. म्हणजे वजन सोळा-सतरा ग्रॅम. ग्रेन धरलं असतं तर जेमतेम एक ग्रॅम आलं असतं, आणि एक ग्रॅम शिशात एवढं नाणं होत नाही. नोंदीपुढे लिहिलं: ‘ग्रॅम, मापांवरून निश्चित’.

१२.३०

फोन. कॉलेजातला मुलगा आहे, प्रकल्प करतोय.
‘मॅडम, एकच विचारायचं होतं. बत्तीस रत्ती म्हणजे किती ग्रॅम?’
‘कुठल्या रत्तीने?’
तिकडे शांतता.

त्याचा दोष नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, कार्षापण हे जुनं चांदीचं नाणं बत्तीस रत्तींचं. मनुस्मृतीत दोन कृष्णलांचा एक रौप्यमाषक आणि सोळा माषकांचा धरण, म्हणून बत्तीस. कृष्णल, रत्ती, गुंज एकच, ते तांबडं बी आणि काळा ठिपका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याला पाच गुंजांचा माष आणि सोळा माषांचा सुवर्ण, पण चांदीला वेगळीच मोजणी, अठ्ठ्याऐंशी पांढऱ्या मोहऱ्यांचा एक माषक. आता बी किती ग्रॅमचं धरायचं? १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, त्याचे शहाण्णव भाग केले तर गुंज येते ०.१२१५ ग्रॅम. नाणेशास्त्रातल्या जुन्या मंडळींनी बिया तोलून आणि नाणी पाहून १.८३ ग्रेन धरली, ती होते ०.११८६. पहिल्या हिशेबाने कार्षापण ३.८९ ग्रॅम, दुसऱ्याने ३.८०. आणि आहत, म्हणजे खुणा ठोकलेली जुनी चांदीची नाणी प्रत्यक्ष काट्यावर घातली की साडेतीनच्या अलीकडेच राहतात.

‘मग बरोबर कोणतं?’ त्याने विचारलं.

त्याला सांगितलं, ग्रेन ते ग्रॅम हे रूपांतर आहे, दोन्ही टोकं पक्की आहेत. रत्ती ते ग्रॅम हा अंदाज आहे, एक टोक वेलीवर लागतं. प्रकल्पात दोन्ही आकडे लिही आणि कुठला कशावरून काढला तेही लिही. तो जरा हिरमुसला. एकच उत्तर हवं होतं त्याला.

दुपारी १.१५

डबा खाऊन सराफ बाजारात. एका म्हाताऱ्या काकांकडे जुनी वजनं आहेत, ती पाहू द्यायला ते कबूल झाले होते. पितळी डबीत तोळ्याची, माशाची वजनं, आणि एका कागदाच्या पुडीत गुंजा.

‘आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,’ काकांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं. ‘आमचे वडील गुंजा निवडून ठेवायचे. सुरकुतलेली नको, फुगीर नको. पावसाळ्यात नवी घ्यायची नाही.’

त्यांच्या डिजिटल काट्यावर एकेक बी ठेवून पाहिलं. हलकी होती ती ग्रॅमच्या नऊ शतांशाच्या आसपास, जाड होती ती तेरा शतांशाच्या. एवढा फरक एका पुडीत! म्हणून तर निवडून ठेवायची. आणि म्हणूनच एकेकटी गुंज मोजून कोणी प्रमाण ठरवत नसणार. निवडलेल्या बऱ्याच गुंजा एकत्र घातल्या की कमीजास्त आपसांत जिरतं.

काकांनी एक जुना चांदीचा रुपयाही दाखवला. तो रुपया म्हणजेच एक तोळा, ११.६६ ग्रॅम. वजन नसलं की रुपयाच पारड्यात टाकायचा, ‘रुपयाभार’ म्हणतात ते यावरून. नाणंच वजन आणि वजनच नाणं, मग कशाने काय तोलायचं, हा आमच्या धंद्यातला जुना पेच काकांच्या गल्ल्याशेजारी इतका सोपा होऊन पडला होता.

तेवढ्यात एक बाई दुकानात आल्या. ‘काका, तोळ्याचा आजचा भाव काय?’ काकांनी दहा ग्रॅमचा भाव सांगितला. १९५८ पासून मेट्रिक वजनं आली, तोळा कायद्यातून गेला, बोलण्यातून गेला नाही. पण बोलण्यातला तोळा गुपचूप दहा ग्रॅमचा झाला. आजीच्या पाटल्यांची चिठ्ठी ‘चार तोळे’ म्हणते आणि नातीच्या पावतीवरचे चार तोळे चाळीस ग्रॅम असतात. मधल्या साडेसहा ग्रॅमांवरून घरोघरी काय काय संशय घेतले गेले असतील, देव जाणे. हे सत्तर वर्षांत झालं. दोन हजार वर्षांत कार्षापणाचं काय काय झालं असेल, याचा विचार करत परत आले.

दुपारी २.३०

दिवसाचा सगळ्यात आवडता भाग. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. उषवदात हा नहपानाचा जावई. एका लेखात त्याने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवलेत, दोन हजार एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे, व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंची सोय करायची. पुढे सत्तर हजार कार्षापणांच्या दानाची नोंद आहे आणि हिशेब दिलाय: दोन हजार सुवर्ण, दर सुवर्णाला पस्तीस कार्षापण.

दोन हजार वर्षांपूर्वीचा भाव दगडावर कोरून ठेवलेला. आमच्यासारख्यांना याहून काय हवं? ग्रॅम घाला की चांदी-सोन्याचा भाव निघाला. सहायक लगेच कॅल्क्युलेटर काढते.

घालून बघू. कार्षापण म्हणजे नहपानाचंच नाणं धरलं, २.२ ग्रॅम, तर पस्तीस कार्षापणांची चांदी ७७ ग्रॅम. सुवर्ण ऐंशी रत्तींचा धरला तर साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका भाराच्या सोन्याला आठ भार चांदी. आता सुवर्ण म्हणजे कुषाणांचं सोन्याचं नाणं धरा, काही अभ्यासक तसं मानतात. ते आठ ग्रॅमचं. भाव झाला साडेनऊच्या वर. आणि कार्षापण म्हणजे जुनं आहत नाणंच असेल, ३.४ ग्रॅमचं, तर चांदी ११९ ग्रॅम आणि ऐंशी रत्तींच्या सुवर्णाला भाव साडेबारा.

आठ, साडेनऊ, साडेबारा. लेख एकच, गणित तिन्ही वेळा बिनचूक. सोनं त्या काळी स्वस्त होतं की महाग, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत आणि सगळा डोलारा ‘कार्षापण’ या शब्दाखाली कुठलं नाणं ठेवायचं यावर उभा. मला विचाराल तर मी नहपानाच्या नाण्याच्या बाजूने आहे. त्याच्या मुलखात, त्याच्या जावयाने, त्याच्याच राजवटीत दिलेलं दान, आणि खालच्या नदीकाठी त्याची तेरा हजार नाणी. पण हे माझं मत झालं. तक्त्यात मतं जात नाहीत.

दुपारी ४.००

सकाळच्या वजनांचा आलेख काढला. कडीवाली, भोकवाली, उजळवलेली वगळून. टेकडीसारखा आकार येतो, पण डावीकडे शेपूट लांब. तसंच यायला हवं. नाणं झिजतं, वाढत नाही.

या शेपटातून काय काय काढता येतं, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी दाखवून ठेवलंय. मूळ गोव्याचे, पेशाने गणिती, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. तक्षशिलेच्या साठ्यांमधली आहत नाणी त्यांनी घेतली आणि त्यांच्यावर संख्याशास्त्र लावलं. नाणं जितका काळ हातोहाती फिरतं, तितकं सरासरी वजन उतरतं आणि वजनांतला विखुरलेपणा वाढतो. नाण्याच्या मागच्या बाजूला सराफांच्या तपासणीच्या बारीक खुणा असतात. जितक्या खुणा जास्त, तितकी सरासरी कमी. झिजेचा दर कळला की उलटं जाऊन टांकसाळीतून निघतानाचं वजन काढता येतं. खात्रीसाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलून पाहिली. मोहेंजोदडोच्या दगडी वजनांत एक वजन आहत नाण्याच्या जवळपास भरतं, तेही त्यांनी टिपलं.

कोसंबींनी एक मोठं काम केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रत्ती किती ग्रॅमची, इथून त्यांनी सुरुवात केली नाही. नाणी किती ग्रॅमची, इथून केली. नाहीतर आपण काय करतो? नाण्यांवरून रत्ती काढतो आणि त्या रत्तीने नाणी तपासतो. रोमचंही असंच आहे. चौऱ्याऐंशी दिनार म्हणजे एक पौंड, नीरोच्या काळात शहाण्णव. पण तो रोमन पौंड किती ग्रॅमचा? बहुतेक पुस्तकांत ३२७.४५ दिसतो, बोख नावाच्या जर्मन पंडिताने १८३८ मध्ये दिलेला. काहीजण ३२३ च्या आसपास आणतात. हा आकडाही मुख्यतः जुनी नाणी तोलूनच आलेला. ३२७.४५ ला ८४ ने भागून ३.८९८ ग्रॅम लिहिणाऱ्याने तो तिसरा दशांश कोणाच्या भरवशावर लिहिला, हे विचारून बघावं.

संध्याकाळी ५.३०

काटा बंद, कव्हर घातलं, ट्रे मोजून कपाटात. तेवढ्यात सर आले. छपाईवाल्याने पानाचा नमुना पाठवला होता आणि त्यात ‘रत्ती’ असा एक रकाना होता, पूर्ण रिकामा.

‘हा भरायचा राहिलाय का?’

‘भरत नाहीये मी.’

‘लोकांना आवडतं ते. जुन्या मापात किती, हे बघायला.’

सरांना हिशेब करून दाखवला. एकाच नाण्याला सोनाराच्या रत्तीने सतरा-अठरा येतात, दुसऱ्या रत्तीने अठराच्या वर. आणि मुळात हे माप रत्तीवर बेतलेलंच नव्हतं, ग्रीकांच्या द्रम्मावर होतं. ज्या नाण्याला रत्ती लागूच नाही, त्याला ती लावून दशांशात छापायची? सर थोडा वेळ तक्ता बघत राहिले. मग म्हणाले, ‘आहत नाण्यांच्या पानावर ठेव, क्षत्रपांच्या पानावरून काढ. आणि आहतच्या पानाखाली रत्ती किती ग्रॅमची धरली, ते लिही.’

‘दोन्ही लिहिते.’

‘दोन्ही लिही. पण जागा दोन ओळींचीच आहे.’

छपाईवाल्याला निरोप पाठवला: क्षत्रपांच्या पानावरचा चौथा रकाना काढावा, उरलेल्या जागेत ‘शेरा’ असा रकाना घ्यावा आणि त्याची रुंदी जरा जास्त ठेवावी, त्यात ‘कडीसह’ वगैरे बसलं पाहिजे.